हातचा

कातरणी उरकली. शेडच्या पत्र्यावर
पठारी वारा अजून कशाशी तरी भांडतोय.
खाली तीन ढीग, गठ्ठे बांधून तयार:
४१२ किलो, धागा १८.२ मायक्रॉन.
६५५ किलो, १९.६.
आणि म्हाताऱ्या मेंढ्यांची जाडीभरडी, नव्वद किलो,
२१.४.

व्यापारी झुनिनो दारातच उभा, टोपीसकट.
तिन्ही जाड्यांची बेरीज, भागिले तीन,
त्याने तोंडीच केलं:
"एकोणीस त्र्याहत्तर, नेलिदा. यंदा जाडच म्हणायची लोकर."
सब घोडे बारा टक्के.
पासंगाला ठेवावेत असले नव्वद किलो
सहाशे पंचावन्नच्या मांडीला मांडी लावून बसले.

नेलिदा वाद घालत नाही.
एप्रनच्या खिशातून कॅल्क्युलेटर काढते.
एवारिस्तोचा. कडांना लोकरीच्या मेणाचा पिवळा थर,
आठचं बटण जोरात दाबलं तर दोनदा उमटतं.
चालू करते, तर पडद्याच्या कोपऱ्यात
बारीकसा एम.
आत काहीतरी आहे.

जूनमध्ये त्याला बर्फातून ट्रेलेऊला नेलं
तेव्हापासून याला कुणाचा हात लागला नव्हता.
एम-आर दाबते.
७३०६.५

कशाचे?
किलो गुणिले जाडी? पेसो? डिझेलची उधारी?
अंश ठेवला,
छेद घेऊन गेला.

झुनिनो घसा खाकरतो.
आधी एम-सी, नाहीतर जुनं नव्यात मिसळतं,
हे तिला त्यानेच शिकवलं होतं,
लग्नाच्या वर्षी, याच फळीवर,
आधी हाताचं पीठ पुसायला लावून.

गठ्ठ्यांवर नाव घालायच्या ब्रशाने
ती खांबावर लिहिते: ७३०६.५
पुढे बरोबरचं चिन्ह नाही.
मग एम-सी. कोपरा रिकामा.

४१२ गुणिले १८.२ (आठ हलकेच, श्वास धरून), एम-प्लस.
६५५ गुणिले १९.६, एम-प्लस.
नव्वदला ती घाई करत नाही.
म्हाताऱ्या मेंढ्यांनाही वजन आहे,
जेवढं आहे तेवढं.
गुणिले २१.४, एम-प्लस.
एम-आर. २२२६२.४
भागिले अकराशे सत्तावन्न.

१९.२४

पडदा त्याच्याकडे वळवते.
तो फोन काढून तेच करतो. पुन्हा करतो.
टोपी काढतो, डोकं खाजवतो, टोपी घालतो.
"पावतीवर एकोणीस चोवीस लिही," ती म्हणते,
"आणि फाटक लावून घे जाताना."

रात्री माते गार होईपर्यंत
ती ७३०६.५ ला भागत बसते:
मेंढ्यांनी, लिटरांनी,
एकत्र काढलेल्या वर्षांनी.
एकाचंही उत्तर ओळखीचं निघत नाही.

मग आजची बेरीज पुसते,
खांबावरचा आकडा एकेक बटण दाबत भरते,
एम-प्लस.

कोपऱ्यात बारीकसा एम.