तरसांसाठी सोडलेली जागा

हरारच्या तटाला बाहेरून एक फेरी मारायला
मला आता दीड तास लागतो.
पूर्वी पाऊण लागायचा.
तट काही वाढलेला नाही.

एरेर वेशीवर बोन्तू जळणाच्या मोळ्या उतरवते,
गाढवाची पाठ थोपटते, मला पाहून म्हणते,
"निघालीस पहाऱ्याला?"
मी म्हणते, "हो, कुणी चोरून नेला तर?"
रोज हेच. रोज दोघी हसतो.
पुढचा दात पडल्यापासून ती जरा जास्त.

तट उजव्या हाताला ठेवायचा.
हात लावायचा, पण टेकायचं नाही,
ही बापाची शिस्त.
बाप गवंडी. पावसाळा सरला की
भिजून फुगलेली भिंत तो बोटाने वाजवून बघायचा,
भोपळा पिकलाय का बघावं तशी.
मी पाणी वाहायची, सात वर्षांची,
तार बांधलेल्या पत्र्याच्या डब्यातून.
तेव्हा वाटायचं, अख्खं शहर
माझ्या डब्यातल्या पाण्यावर उभं आहे.

आतून शिंप्यांच्या गल्लीचा आवाज येतो,
गिरगिर, गिरगिर. गल्लीचं नावच तसं पडलंय.
भिंतीलाही कान असतात म्हणतात.
असतील, तर या भिंतीचे
एव्हाना किटले असतील.

कोण कोण चालून आलं हिच्यावर
ते शाळेत घोकलं होतं. सनावळ्या गेल्या विसरून.
आलेल्यांतले काही आतच राहिले,
दुकानं टाकली, पोरी मागितल्या,
आणि पुढचे आले तेव्हा
आतून दार लावून घेणाऱ्यांत तेही होते.

बुदा वेशीच्या अलीकडे, जमिनीलगत,
भिंतीत एक भोक आहे,
मुलाला रांगत जाता येईल एवढं.
रात्री त्यातून तरसं येतात,
खाटकांच्या दारातलं हाडूक-आतडं साफ करतात,
पहिल्या अजानेआधी परत जातात.
बाप त्याच्या कडा स्वतः घासून गुळगुळीत करायचा.
"अंग खरचटलं तर पुन्हा यायची नाहीत," म्हणायचा.

शत्रूसाठी ज्यांनी एवढी जाड भिंत घातली
त्यांनीच पायथ्याशी हे सोडलं.
साठ वर्षं झाली, माझा विचार
या वाक्याच्या पुढे सरकलेला नाही.

आज तिथे बेद्री बसलेला, हातात थापी,
घमेल्यात सिमेंट, आणि एक कागद:
खिंडार क्रमांक एकोणीस, बुजवणे.
मी म्हटलं, हे खिंडार नव्हे, दार आहे.
तो म्हणाला, "आजी, कागदावर दार नाही."

मग मी भोकापुढे फतकल मारून बसले.

माणसं थांबून बघायला लागली.
म्हातारीने अब्रू वेशीवर टांगली,
असं कुणी म्हणालंही असेल.
पाठीला भोकातून गार वारा लागत होता,
आणि वास. उग्र, ओल्या केसांचा, ओळखीचा.

बेद्रीने थोडा वेळ आकाश बघितलं.
मग शेजारी बसला, पाव मोडून अर्धा दिला.
सिमेंट आळायला लागलं तसा उठला,
आणि हातभर वर, जिथे खरोखर चिरा निसटला होता,
तिथे ते थापून मोकळा झाला.
"क्रमांक तोच लिहितो," म्हणाला.

फेरी अर्धीच राहिली.
शोआ वेस, फल्लाना वेस बघितल्या नाहीत.
असतील तिथेच.

रात्री टोरांटोहून भावाचा फोन.
तो नेहमी तटाचंच विचारतो आधी,
माझ्या गुडघ्यांचं नंतर.
आहे म्हटलं. भोकांसकट आहे.
तेवढ्यात खाली गल्लीत
एक लांब, चढत जाणारी हाक उठली.
मी फोन खिडकीबाहेर धरला.

"ऐकलंस?"
तो म्हणाला, इथे बर्फ पडतोय.
आणि मग बराच वेळ
दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.