ओट्याखालचं कपाट

सूर नावाच्या गावात राहते. गळा मात्र नाही.
हेरंब गॅसच्या कारखान्यात जातो, मी ओट्याशी.
त्याला शुक्रवारी सुटी असते. ओट्याला नसते.

ओट्याखालच्या कपाटात माझी फौज होती:
काचांसाठी निळी बाटली, फरशीसाठी गुलाबी,
एक हिरवी, जिच्यावर डोंगर आणि झरा छापलेला.
डोंगर इथेही आहेत, खिडकीतून दिसतात,
त्यांना कसलाच वास येत नाही.
आणि मागे, कोपऱ्यात, लाल झाकणाची, मोरीसाठी.
अरबी मला वाचता येत नाही. कवटी येते.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी तीच ओतली.
बाहेर धूळ उठलेली, म्हणून खिडकी बंद.
संध्याकाळी जाळीवर पाल सापडली, उताणी,
पोट इतकं पातळ, की आतली दोन अंडी दिसत होती.

पालीचं मला प्रेम कधीच नव्हतं.
माहेरी पाल दिसली की केरसुणी निघायची.
पण हेरंबची रात्रपाळी असली
की दिव्याशी ती आणि दिव्याखाली मी,
एवढ्या दोघीच जाग्या असायचो.
मनात शंकेची पाल चुकचुकते म्हणतात.
माझी चुकचुकली नाही. नुसती पडून होती.

हात तर माझेही सोलत होते दोन वर्षं.
त्याला मी हवा म्हणत होते. खारी हवा.

शेजारच्या जुवैनाने हात धरले, हुंगले,
आणि काही न बोलता आत जाऊन
हिरव्या पिठाची पुडी आणली. "सिदर."
चिमूट जिभेवर ठेवली. तुरट, गवताळ, ओळखीची.
अगं बाई, हा तर बोरीचा पाला!
जिच्या बोरांसाठी दगड मारले, काटे खाल्ले,
तिच्या पानांकडे एकदासुद्धा पाहिलं नव्हतं.

जुवैनाने घमेल्यात घुसळलं, फेस आला.
"बाल," म्हणाली तिच्या मोडक्या हिंदीत, "चादर, फर्श. सब."
मग जरा थांबून, "मय्यत भी."
म्हणजे शेवटची आंघोळसुद्धा याचीच.

त्या रात्री कपाटासमोर मांडी घालून बसले
आणि एकेका बाटलीला विचारलं:
तुझ्याने मी माझ्या माणसाला आंघोळ घालीन का?

पुढचं काही सरळ झालं नाही.
व्हिनेगरने संगमरवरावर ढग उमटला, तो अजून आहे.
आईने रिठे पाठवले, तर विमानतळावर
साहेबाने एक कानाशी नेऊन वाजवून पाहिला.
साबण आहे, म्हटलं. तो हसला. मी नाही.
सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून
फसफसताना बघत मी खूश,
तर हेरंब म्हणाला, अगं, दोघं एकमेकांना मारतात,
उरतं ते जवळजवळ पाणीच.
आधी एकाला काम करू दे, मग दुसऱ्याला.
इतकी वर्षं संसार करून हे त्याने मोरीवरून सांगितलं.

आमच्या नळाला समुद्र येतो, मीठ काढून.
मोरीतून गेलेलं पाणी गाळून
चौकातल्या खजुरांना घालतात, असंही तोच म्हणाला.
तेव्हापासून बादली ओतताना हात थांबतो.
खजूर तर मी रमजानात जुवैनाकडे खातेच.

लाल झाकणाची बाटली अजून घरात आहे, अर्धी,
दोन पिशव्यांत बांधून, गच्चीच्या कोनाड्यात.
वापरायची नाही हे ठरलं.
ओतायची कुठे, हे कुणालाच सांगता येत नाही.

काल रात्री दिव्याशी एक आली,
कोवळी, शेपूट तुटलेली.
मी रिठ्याच्या पाण्याने ओटा पुसत होते.
चुकचुकली.
कृष्ण कृष्ण, म्हटलं,
आणि ओल्या ओट्यावर तीनदा बोट वाजवलं.