जोडीचं कार्ड

लीड्सला जागृतीनं पहिल्याच आठवड्यात
आमच्या दोघांचं मिळून एक कार्ड काढलं.
एकेकाचं घेतलं तर दोनदा पैसे,
जोडीचं एकच, आणि प्रत्येक तिकिटात तिसरा हिस्सा माफ.
अट एवढीच, म्हणाली, दोघं बरोबर हवीत.
एकटं कुणी बसलं की ते नुसतं प्लास्टिक.

फोटोत हे आधार कार्डावर असतात तसेच रागावलेले,
मी खिडकीच्या उजेडात निम्मी पुसलेली.

मी वही केली.
माझी आई खाडीकडच्या मिठागरात पाट्या वाहायची,
पाटीगणिक एक गाठ पदराच्या टोकाला,
संध्याकाळी मुकादमापुढे एकेक गाठ सोडून दाखवायची.
तिचीच मी. तीन रकाने आखले:
पुरं भाडं, दिलेलं भाडं, फरक.

यॉर्क, फरक नऊ पौंड.
किल्ल्याच्या गावाचे साडेसहा
(किल्ला बंद होता, पण साडेसहा ते साडेसहाच).
हे म्हणायचे, वाचले म्हणजे मिळाले नव्हेत.
मी म्हणायचे, तुम्ही गप बसा,
साडेनऊच्या आधीची गाडी कार्डाला चालत नाही,
अर्धा कप चहा घ्या आणखी.

चाळीसच्या वर गेले तेव्हा
करावेत गुणाबाईला फोन लावून सांगितलं,
अगं, जितकं फिरतो तितकं कमावतो आम्ही.

मग ते समुद्राकाठचं गाव,
ज्याचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही.
धक्क्यावर खेकड्यांचे पिंजरे, ओल्या दोरांचा तोच वास,
ओहोटीनं कुशीवर टाकलेल्या होड्या.
हे बाकावर बसले ते बसलेच.
चारची गाडी आहे, म्हटलं.
तू हो पुढे, म्हणाले.
पुढे काय हो! एकटी गेले तर पुरं भाडं.
बसले बाजूला, पर्स मांडीवर घट्ट धरून,
तिसऱ्या हिश्शासाठी दोन तास.

बऱ्याच वेळानं, होड्यांकडे बघतच, म्हणाले:
बाबांची होडी दिली मी.
कुणाला?
सारसोळ्याच्या मोरेश्वरला.
कधी?
विमानाची तिकिटं काढली तेव्हा.

होडीवर सासूबाईंचं नाव होतं, पांढऱ्या रंगात.
दर नारळी पौर्णिमेला मीच गिरवायचे,
‘र’चा पाय माझ्याकडून नेहमी लांब जायचा.

मी काही बोलले नाही.
चारची गाडी गेली असणार तोवर.
एक काळा पक्षी पाण्यात बुडी मारत होता,
दर वेळी भलतीकडेच वर येत होता.

सहाच्या गाडीत तपासनीस आला.
त्यानं कार्ड बघितलं, आम्हाला बघितलं, परत कार्ड.
दोघं बरोबर ना, असंच काहीतरी विचारलं असेल.
हे काचेबाहेर, मी वहीत.
मान मीच हलवली.
फरक: अकरा पौंड वीस. लिहिला.
त्याखाली बराच वेळ पेन धरून बसले,
होडी कुठल्या रकान्यात घालायची ते कळेना.

परत येऊन पाच महिने झाले.
कार्ड लाइटबिलांच्या डब्यात आहे, एप्रिलपर्यंत चालतं,
इथे त्याला कोण विचारतंय.
वही सापडत नाही. मी शोधलीही नाही.

दुपारी भरतीची वेळ बघून हे निघतात.
कुठे, ते सांगत नाहीत.
मोरेश्वर त्याच सुमाराला खाडीतून परततो, हे मला गुणाबाईकडून कळलं,
आणि होडीवरचं नाव त्यानं अजून खरवडलेलं नाही, हेही.
जेट्टीकडे जायला पामबीच ओलांडावा लागतो,
तिथं गाड्या कुणासाठी थांबत नाहीत
आणि ह्यांना डाव्या बाजूचं कमी ऐकू येतं.

थांबा, मी आतून ओरडते,
थांबा हो,
माझी एक चप्पल सापडत नाहीये.