भांग

देऱ्यात, बनियास चौकाच्या मागे, सातव्या मजल्यावर
मी दोन देशांची अशांतता मोजते.
जहाजांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीला
ती दर तिमाहीला लागते, वीस वर्षांच्या आलेखासकट.
कुठल्या बंदरात माल किती दिवस अडकेल,
एवढंच त्यांना कळायला हवं.

देश क्रमांक एक : माझा.
फॉर्म बनवणाऱ्याचं मला हसू येतं,
त्याने एकच रकाना ठेवलाय, ‘घटना’.
आणि आमच्याकडे मोर्चा, धरणं, ठिय्या, घेराव,
चक्का जाम, साखळी उपोषण, लेखणी बंद,
पाण्याच्या टाकीवर चढलेला एक इसम,
साहेब नसताना साहेबांच्या खुर्चीला घातलेला हार.
सगळ्याचं एकेक टिंब.
टिंबांची रेघ होते, रेघेला उधाण येतं.
डेरेक साहेब मागून डोकावून म्हणतात,
‘तहसीन, तुझं घर फार आजारी दिसतंय.’
मी म्हणते, हो सर.
खरं उत्तर मला मेट्रोत सुचतं, युनियन स्टेशनच्या पुढे,
आणि उतरेपर्यंत विसरायला होतं.

देश क्रमांक दोन : जिथे मी बसलेय.
रेघ सरळ.
आमच्या दाभोळला याला भांग म्हणतात.
अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग :
पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही.
त्या दिवसांत बाबा जाळी विणत बसायचे
आणि कुणी विचारलं, ‘दर्या थंड वाटतं?’
तर सुई दातांत धरून म्हणायचे, ‘दिसतोय थंड.’

गेल्या मंगळवारी मुनाफची बस
पहाटे साडेचारला सजाच्या कॅम्पात उभी होती.
(सजा. आमच्याकडे तलाठ्याची असते.)
त्रेपन्न माणसं आली, हेल्मेट घालून, डबे घेऊन,
बसच्या दारापर्यंत आली आणि खाली बसली.
घोषणा नाही, फलक नाही.
चार महिन्यांचा पगार, असं कुणीतरी एकदाच म्हणालं,
तेही मुनाफला, जसा काही तोच देणं लागत होता.
मुनाफने एसी चालू ठेवला, दार उघडं ठेवलं,
न जाणो कुणाला वाटलं तर.
गार हवा त्यांच्या अंगावरून वाळूत जात राहिली.
करीमनगरच्या एका गवंड्याने डबा उघडला
आणि दुपारचं जेवण पहाटे पाचला जेवून घेतलं.
साडेनऊला पांढरी गाडी आली, कागद आला,
दोन महिन्यांवर बोलणं तुटलं.
एक्कावन्न जण बसमध्ये चढले.
उरलेल्या दोघांचं मुनाफने विचारलं नाही.
मीही मुनाफला विचारलं नाही,
त्याच्या ताटात दुसरा बांगडा वाढला फक्त.

पेपरांत काही नाही. तीन भाषांत शोधलं.
नियम सोपा आहे : छापून आलं तर घटना.

आज तिमाही संपते.
रकाना रिकामा सोडला की यंत्र विचारतं,
‘नोंद आढळत नाही. शून्य धरायचे?’
हो. नाही.
आठ वर्षं मी न बघता हो दाबत आलेय,
त्या एका अक्षरावर माझा व्हिसा तीनदा वाढलाय.
डेरेक साहेब बॅग भरतायत.
खाली खाडीवर अब्रा माणसं भरून पलीकडे चाललीय,
दिऱ्हम दिऱ्हम.
मी काहीच दाबत नाही म्हणून
थोड्या वेळाने पडदा आपोआप काळा होतो
आणि त्यात मी दिसते,
दातांत पेन धरलेली.