मुख्य विषयाचा रकाना

शुक्रवारी पाचला अर्जाची मुदत संपते.
आज बुधवार.
खिडकीबाहेर तळं कडेकडेनं गोठायला लागलंय.
तळं आपलं म्हणायचं, पलीकडचा काठ दिसत नाही.
खनिजाचं एक उशिराचं जहाज
डुलुथच्या पुलाखालून जाताना भोंगा देतं,
एक लांब, दोन आखूड.
ऐला कोर्पिनेन हातमोजे न काढताच
माझ्यासमोर बसलीय.

माझं वाक्य मला पाठ आहे. एकवीस वर्षं म्हणतेय:
विषय कुठलाही घे, मेडिकलवाल्यांना चालतो.
फक्त जीवशास्त्राची दोन सत्रं, भौतिकशास्त्राची दोन,
रसायनशास्त्राची चार,
त्यातलं ऑरगॅनिक कुणाच्या बापाला चुकलेलं नाही.
मग त्या ट्रॉम्बोनवाल्या मुलाची गोष्ट,
जो संगीत शिकला
आणि आता फार्गोमध्ये मूत्रपिंडं बसवतो.
गोष्ट खरी आहे.

जोलीनची मी सांगत नाही.
जीवशास्त्र. सगळीकडे ए.
तीन वर्षं अर्ज, तीन वर्षं पातळ पाकिटं.
परवा रंगाच्या दुकानात भेटली, काउंटरच्या पलीकडून.
डबा ढवळत म्हणाली,
‘हा खरं तर बेडकाच्या पोटाचा रंग,
नाव मात्र पहाटेचं धुकं.’
हसली. मीही हसले.
भिंत अजून तशीच आहे.

ऐलाचे वडील रेल्वे यार्डात. त्यांचं म्हणणं सरळ:
नर्सिंग घे.
डॉक्टर झालीस तर झालीस,
नाही तर हातात काही उरेल.
मला यात खोट काढता येत नाही.
शोधून पाहिली.

‘भाषाशास्त्र,’ ती म्हणते.
चोरीचा माल दाखवावा इतक्या हळू.

रात्रपाळीला ती वृद्धाश्रमात काम करते.
चादरी, गोळ्या, पाण्याचे जग.
तिथे वेइक्को नावाचा म्हातारा.
झटका आला त्यात त्याचं इंग्रजी वाहून गेलं,
साठ वर्षांचं, बायकोशी भांडलेलं, बँकेत वापरलेलं,
सगळं.
उरली ती आईच्या पदराखालची भाषा.
तीन रात्री तो एकच शब्द ओरडत होता.
तक्त्यावर लिहिलं होतं: अस्वस्थ. असंबद्ध बडबड.
गोळीचा डोस वाढवावा का, विचारावे.

‘क्युल्मॅ,’ ऐला म्हणते.
‘मला फिनिशमधला तेवढाच शब्द येतो.
काका सौनातून निघून बर्फाच्या भोकात उडी मारतो
तेव्हा बोंबलतो तो.’
थंडी.
त्याला थंडी वाजत होती.
खिडकीची फट. एक ब्लँकेट. बस.

मी चष्मा पुसते. काम माझं आहे, म्हणून विचारते:
‘रसायनशास्त्रात सी प्लस आहे तुला.
हे पळणं तर नाही ना?’
‘असेलही,’ ती म्हणते.
रेडिएटर खडखडतो.
असं उत्तर मला कुणी दिलेलं नाही,
सगळे ठाम असतात, बावीस पानी ठाम.

‘तुम्ही कुठला विषय घेतला होता?’
‘भूगर्भशास्त्र.’
‘का?’
‘त्यांची सहल जायची.’

ती पेन्सिल मागते. पेन नको म्हणते.
मी खोडरबरही पुढे सरकवते,
ते तिच्याकडे आहेच.
रकान्यात पहिलं अक्षर काढते, थांबते,
यार्डाच्या दिशेनं एकदा बघते.
इथून यार्ड दिसत नाही.

दाराशी गेल्यावर मी विचारते,
विचारायचं राहून गेलेलं,
‘ब्लँकेट दिल्यावर झोपला का तो?’

‘नाही. मग बोलतच बसला.
माझा हात धरून, उजाडेपर्यंत.
मला एक अक्षर कळलं नाही.’