माया

खडे बाजारातल्या शोरूमवाल्यानं निरोप धाडला :
फोटो काढायचेत, पिना घेऊन या.
ब्लाउज सगळे छत्तीसचे, तयार,
आणि मुलगी अठ्ठावीस.

बैलहोंगलची. विद्याश्री.
जुन्या ट्यूबलाइटसारखी उभी,
पांढरी, आणि मधूनच फडफडणारी.
"ऊट आतेन?" मी विचारलं.
"काकडी खाल्ली," म्हणाली. "काल."

मी तिच्या मागं गुडघ्यांवर बसले.
अकरा सेफ्टी पिना,
कपडे वाळत घालायचे चार चिमटे, निळे,
शहापुरी साडीच्या निऱ्यांना आतून सुतळी.
पुढून ती कुठल्याशा संस्थानची राणी,
मागून दोरीवरची चादर.
"मावशी, टोचतंय," एकदाच म्हणाली.
कॅमेरावाला म्हणाला, हनुवटी वर.

दसऱ्याला ती गोवावेसच्या चौकात चढली.
वर कन्नड ठळक, खाली मराठी बारीक,
मधे ती, मराठीहून बारीक.
कंप्युटरवर आणखी दोन इंच काढलेत तिचे.
कोण काय सांगणार मला,
त्या कमरेभोवती माझे हात फिरलेत.

तेव्हापासून बायका मोबाइल पुढं धरतात :
अस्सं पाठीला चिकटून पाहिजे बघा,
एक सुरकुती नको.
आता कसं सांगू,
सुरकुत्या सगळ्या मागं आहेत, चिमट्यात.

माझी वही तेवीस वर्षांची.
मालू अष्टेकर : चौतीस, मग अडतीस,
जुळी झाल्यावर बेचाळीस,
मग ऑपरेशन होऊन आली तेव्हा
एका बाजूचं माप, दुसऱ्या बाजूला नुसती रेघ.
त्या रेघेत मी कापूस भरला,
वरून जुन्या धोतराचा मऊ तुकडा.
आरशात तिनं एका अंगानं पाहिलं, मग दुसऱ्या.
"जमलं गे," म्हणाली,
आणि शिलाई द्यायची विसरून गेली.
मीही मागितली नाही अजून.
रुक्साना सनदी : रमजानला इंचभर कमी,
बकरीदला दोन जास्त,
ती स्वतःच आकडा सांगून हसत सुटते.

ब्लाउज शिवताना आत दीड इंच कापड
दुमडून ठेवते मी.
आमच्या धंद्यात त्याला माया म्हणतात.
बाई भरली की टीप उसवायची,
माया सोडायची.
तयार कपड्यात ती नसते,
काठाला लागूनच शिवण संपते;
कंपनीला कापड वाचवायचं असतं.

परवा बस चुकली तेव्हा
मी होर्डिंगच्या मागं जाऊन आले.
सवयीनं. पिना बघायला.
गंजलेले अँगल, काथ्या,
पारव्यानं अर्धवट टाकलेलं घरटं,
आणि तिच्या पाठीच्या जागी
गेल्या वर्षीच्या सिमेंटची जाहिरात, उलटी.

आज चौगुल्यांची ऋतुजा आलीय, नववीतली.
गॅदरिंगचा ड्रेस.
आई दारातूनच सांगते :
दोन दिस भाकरी सोडलीय हिनं.
काय करूलालीस गे म्हटलं की दार लावून घेती.
पोरगी म्हणते, चोवीस लिहा.

पोट आत ओढलेलं,
ओठ मिटलेले, खांदे कानांशी.
टेप फिरवली आणि थांबले.
शेजारच्या मागावर कांडी संपली असावी,
वडगावात क्षणभर काहीच वाजेना.
म्हटलं, मला घाई नाही.
श्वास सोड.
मग मोजते.