थांबते जी

कलेक्टर ऑफिसच्या भिंतीला लागून, कडुनिंबाखाली
माझं टेबल, मशीन आणि पाण्याची कॅन.
मे महिना. डोक्यावर ओला दुपट्टा,
कार्बन बोटांना चिकटतो,
'ळ'ची कळ दाबली की अक्षर ओळीच्या वर उडतं.
'वेळ' लिहिली की नेहमी अर्धी तरंगते.

वच्छलाबाई निनावे. जुनी शुक्रवारी.
शाळेत खिचडी शिजवतात.
सात महिन्यांचं मानधन नाही.
दोन कागद आणले होते, दोन्ही घामानं मऊ.

पहिला भाच्यानं लिहिलेला:
'आपल्या चरणी लोटांगण घालून मी गरीब, अभागी...'
दुसरा दिराचा:
'आमचे पैसे खाणाऱ्यांनो, एकेकाला कोर्टात खेचून...'

"यातला कोणता छापता?"

मी दोन्ही उलटे ठेवले, वर स्टेपलर.
अठरा वर्षांत एवढं कळलंय,
पाया पडणाऱ्या कागदात साहेबाला
फक्त स्वतःचे पाय दिसतात.
शिवी देणारा कागद मात्र तो शेवटपर्यंत वाचतो,
आणि शिवीच तेवढी फाईलला लावतो.

"खिचडी किती पोरांची?"
"दोनशे चौदा."
"चूल किती वाजता?"
"सातले. आता गॅस हाये, पण आमी चूलच म्हणतो."

हे लिहिलं.
दोनशे चौदा. सकाळी सात. ऑक्टोबर ते एप्रिल.
'गरीब' काढला. खरा होता, तरी काढला.
पैसे गरिबीचे नव्हते, शिजवल्याचे होते.
'उपकार होतील' खोडून 'थकबाकी' घातली.
'कृपया' तीनदा आला होता, एकदाच ठेवला,
पाहुण्याला पाणी देतात तसा,
वाकून नाही, समोर धरून.
'रक्कम कोणत्या तारखेला मिळेल ते लेखी कळवावे'
इथे बोटं सवयीनं 'ही नम्र' कडे निघाली होती.
थांबवली.
पूर्णविराम इतक्या जोरात दाबला
की कागदाला भोक पडलं.

वाचून दाखवलं.
बाई बराच वेळ निंबोळ्या पायानं सरकवत राहिल्या.
"हे मीच बोलून राहिली का?"
"तुम्हीच."
"मंग त्यात 'जी' काऊन नाही?"

आता सरकारी कागदात 'जी' कुठे बसवू?
आमच्याकडे भांडणातसुद्धा असतो तो,
'नाही जी', 'चूक तुमची हाये जी',
पुण्याच्या नणंदेला हसू येतं.
म्हटलं, "तो तुम्ही तोंडात न्या. कागदात मावत नाही."

मग तालीम. मी बाबू झाले,
चष्मा नाकावर, नजर रजिस्टरमध्ये.
"साहेब जेवायला गेले."
"बरं," म्हणून त्या उठल्याच.
पुन्हा बसवलं.
"साहेब नाहीत. उद्या या."
"उद्या? सात महिने झाले, तुमच्या बापाचं..."
झेरॉक्सवाल्यानं मान वळवली.
पुन्हा.
"साहेब नाहीत. उद्या या."
बाईंनी पिशवी मांडीवर घेतली,
पदरानं ओठ टिपले, अन् माझ्याकडे बघून,
अगदी चहा विचारावा तसं,
"थांबते जी."

माझ्यातल्या बाबूला पुढचं काही सुचेना.

"किती झाले?"
"साठ."
रुमालाची गाठ सोडून त्यांनी चाळीस ठेवले.
"बाकीचे मानधन आलं का देते."
अठरा वर्षं मी या झाडाखाली 'असू द्या' म्हणत आलेय,
पोरीची फी, रिबनचे भाव, सगळं त्या 'असू द्या'त.
घसा कोरडा झाला. कॅनमधलं पाणी प्याले.
"थांबते जी," मी म्हटलं.

आधी कळलंच नाही त्यांना.
मग अशा हसल्या की झेरॉक्सवालाही हसला, न कळता.
"बाप्पा! मलेच शिकवलं अन् माझ्यावरच!"
ब्लाउजमधून विसाची नोट निघाली, चौघडी, गरम.
बसची होती का, ते मी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं कदाचित.

पाच वाजता मशीनवर कव्हर घातलं.
फाटकातून आतला बाक दिसतो.
बाकावर पिशवी, पिशवीवर हात.